फळीवरची आगगाडी

किल्लीची आगगाडी मुलाला आणून दिली म्हणजे ती वाटोळ्या रुळांवरून फिरत राहते. पांच-दहा फेऱ्या पाहून झाल्या कीं मुलाचें मन उडतें, आणि गाडी फडताळांत जाऊन पडते. असें कां व्हावें ? गाडीच्या यंत्रांत कांहीं उणें असतें असें नाहीं. उणीव असते ती ही कीं, ती गाडी कोठूनही निघत नाहीं आणि कोठेंही पोंचत नाहीं. तिला गांव नाहीं, वेळ नाहीं, उतारू नाहींत, कीं भरावयाचा माल नाहीं. हीच गाडी एखाद्या स्टेशनांतून सुटूं लागली, वाटेंत तिला ओढ्यावरचा पूल लागला, पुढच्या स्टेशनांत समोरून येणाऱ्या गाडीसाठीं तिला थांबावें लागलें, तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टि एकदम बदलते. खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद तो हाच. आगगाडीच्या प्रतिकृती तयार करण्याचा जो छंद जगभर मोठ्या माणसांनीं जोपासला आहे, त्यांत गाडीइतकेंच, किंबहुना गाडीपेक्षां अधिक, महत्त्व तिच्या भोंवतालच्या मुलुखाला आहे. आणि खानदेशांत राहणाऱ्या कुटुंबाला असा मुलूख अगदीं दाराशीं आहे.

हा छंद खेळण्यांतूनच वाढला. जर्मनींतील मार्क्लिन ह्या कंपनीनें इ. स. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापांचे रूळ व त्यांवरून धांवणाऱ्या गाड्या मांडल्या. माप ठरलेलें असल्यामुळें आज थोडे रूळ, उद्यां एखादा डबा, परवां एखादें स्टेशन असें करीत संच वाढवितां येऊं लागला. इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याची किल्लीची गाडी १९२० सालीं बाजारांत आली. तिच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असे, व असा संच मांडावयाचा तर सबंध खोलीची जमीन लागे. १९३५ सालीं जर्मनींत साधारण निम्म्या मापाच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या आणि आगगाडी जमिनीवरून टेबलावर आली. हा बदल लहान नव्हे. जमिनीवरची गाडी रात्रीं उचलून ठेवावी लागते. टेबलावरची गाडी जागच्या जागीं राहूं शकते, आणि जी वस्तु जागच्या जागीं राहते तिच्या भोंवतीं झाडें, घरें, डोंगर उभे करावे असें माणसाला वाटूं लागतें.

महाराष्ट्रांत ह्या छंदाचें सर्वांत ठळक स्थान पुण्यांत, कोथरुडला आहे. भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांसाठीं खुलें झालें. तेथें एक सबंध छोटें शहर वसविलेलें असून सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव यांच्यामधून निरनिराळ्या तऱ्हेच्या गाड्या धांवतात. जर्मनींत हँबुर्ग येथें २००१ सालीं सुरू झालेलें असेंच प्रदर्शन तर फार अवाढव्य आहे. पुण्याचें शहर हें कोठल्याही एका खऱ्या शहराचें चित्र नव्हे. तें कल्पनेनें रचलेलें नगर आहे, आणि कल्पनेचा आनंद तेथें भरपूर मिळतो. परंतु ह्या छंदाची दुसरीही एक शाखा आहे. तींत माणूस कल्पनेला लगाम घालतो, एक खरें गांव निवडतो, आणि तें जसें होतें तसें मोजून फळीवर उतरवितो.

ह्या दुसऱ्या शाखेचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतलें आहे. रॉय इंग्लंड नांवाचा एक तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियाहून त्या देशांत आला. ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडील एका खोऱ्यांतील जुनीं, गवतानें शाकारलेलीं घरें पाहून तो मोहित झाला. पण तीं घरें पाडलीं जात होतीं किंवा त्यांचें रूप बदललें जात होतें. तीं वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यानें तीं मोजण्यास, त्यांचीं छायाचित्रें घेण्यास, आणि पुठ्ठ्याचीं तंतोतंत छोटीं घरें करण्यास आरंभ केला. १९५४ सालीं त्यांतूनच पेंडन संग्रहालयाची स्थापना झाली. १९२० ते १९३० च्या सुमाराचें तें खोरें, त्याच्या बागा, त्याचे रस्ते आणि त्यांतून जाणारी आगगाडी, हें सर्व तेथें आजही पाहावयास मिळतें. करमणूक म्हणून सुरू झालेलें काम अशा रीतीनें एका प्रदेशाचें दप्तर बनलें.

खानदेशांत असें दप्तर लिहिण्याची वेळ आलेली आहे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची गाडी जिल्ह्यांतील लोकांना ‘पी. जे.’ ह्या आद्याक्षरांनींच ठाऊक आहे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशीं स्टेशनें घेत सुमारें ५६ किलोमीटरांचा हा मार्ग पहिलें महायुद्ध संपत असतांना, १९१८-१९ च्या सुमारास, सुरू झाला. आधीं वाफेच्या आणि नंतर डिझेलच्या इंजिनानें ही गाडी शंभर वर्षे शेतकरी, विद्यार्थी आणि बाजारकरू यांची नेआण करीत होती. मार्च १९२० मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर एक शतकानें, मार्च २०२० मध्यें, साथीच्या टाळेबंदींत ती थांबली, आणि पुन्हां त्या रुळांवरून धांवली नाहीं. तो मार्ग रुंद करून पुढें बोदवडपर्यंत नेण्याची योजना रेल्वेनें हातीं घेतली. रुंद मार्ग झाला तर प्रदेशाचा फायदाच आहे. जुनी गाडी तशीच ठेवा असा हट्ट कोणी धरूं नये. पण लहान फलाट, लहान पूल, स्टेशनाच्या खिडक्या, सांध्यांची जागा, हें सर्व ज्यांनीं रोज पाहिलें, तीं माणसें वृद्ध होत आहेत. ही गाडी कशी होती हें नातवाला दाखवावयाचें असेल, तर मोजमाप आतांच झालें पाहिजे.

प्रथम हिशेब. प्रतिकृतीचा पाया प्रमाण हा आहे. जगांत सर्वांत अधिक प्रचार असलेलें प्रमाण १ : ८७ हें होय, म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर ते फळीवरचा एक मिलिमीटर. ह्या प्रमाणाचे जे रूळ बाजारांत मिळतात त्यांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. युरोप-अमेरिकेंतील खऱ्या रुळांमध्यें १४३५ मिलिमीटर अंतर असतें. त्याला ८७ नीं भागलें कीं साडेसोळा येतात, आणि गणित जमतें. परंतु भारताचा रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा आहे. त्याला ८७ नीं भागल्यास १९.३ येतात. म्हणजे भारतीय गाडी तयार रुळांवर ठेवली तर रूळ जवळजवळ एक-सप्तमांशानें अरुंद पडतात, आणि जाणत्या डोळ्याला तें खटकतें. आतां पी. जे. गाडीचा हिशेब करावा. तिच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होतें. त्याला ८७ नीं भागतां पावणेनऊ येतात. बाजारांत १ : १६० ह्या लहान प्रमाणासाठीं नऊ मिलिमीटरांचे रूळ मिळतात. तेच रूळ घेतले तर चूक पाव मिलिमीटराची, म्हणजे शेंकडा तिनाहूनही कमी, राहते. मोठी मेलगाडी करूं पाहणाऱ्याला जें साधत नाहीं, तें ह्या लहानग्या गाडीला सहज साधतें.

जागेच्या दृष्टीनेंही लहान गाडीच सोयीची. रुंद मार्गाचा नेहमींचा डबा टोंकापासून टोंकापर्यंत २२ मीटरांहून थोडा अधिक असतो. १ : ८७ ह्या प्रमाणांत तो २५ सेंटिमीटरांचा होतो, आणि वीस डब्यांची गाडी पांच मीटरांहून लांब भरते. जळगांव किंवा भुसावळ स्टेशन जसेंच्या तसें करावयाचें तर घराचा माळाही पुरणार नाहीं. ज्याला रुंद मार्गच आवडतो त्यानें चाळीसगांव-धुळें हा फांटा निवडावा. १९०० सालीं सुरू झालेल्या ह्या फांट्याचें धुळें हें शेवटचें स्टेशन आहे. आणि जेथें मार्ग संपतो तें स्टेशन प्रतिकृतीला फार सोयीचें, कारण त्याची एकच बाजू पुढें न्यावी लागते. जामनेरचीही गोष्ट तीच.

तरीही सबंध मार्ग कोणालाच करतां येत नाहीं. ५६ किलोमीटर म्हणजे ह्या प्रमाणांत सुमारें ६४४ मीटर होतात. म्हणून निवड करावी लागते, आणि खरी परीक्षा येथेंच असते. पहिल्यानें हात घालणारा मनुष्य बोगदा, घाट, धबधबा, मंदिर आणि किल्ला एकाच फळीवर कोंबतो, आणि मग तें गांव कोठलेंच राहत नाहीं. त्यापेक्षां एक शेवटचें स्टेशन, त्याच्या अलीकडचा एक लहान पूल आणि मधलें एक शेत एवढेंच घ्यावें. सहा फूट लांब व दीड फूट रुंद फळी त्याला पुरते. फळीच्या एका टोंकाला पडदा टाकून त्याच्यामागें दोन-तीन रूळ ठेवले, म्हणजे गाडी ‘पाचोऱ्याहून’ येते आणि ‘पाचोऱ्याला’ जाते. पडद्यामागचे रूळ म्हणजे उरलेला सर्व मार्ग असें समजावयाचें. नाटकांत विंगेंतून पात्र येतें तसाच हा प्रकार आहे.

निवड झाली कीं वही, फीत आणि छायाचित्राचें यंत्र घेऊन जागेवर जावें. परवानगीशिवाय रुळांवर उतरणें हा कायद्यानें गुन्हा आहे, म्हणून स्टेशनमास्तरांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय कांहीं करूं नये. इमारतीची उंची काढण्यास शिडी लागत नाहीं. भिंत विटांची असेल तर हात पोंचेल तेथें दहा थरांची उंची फितीनें मोजावी आणि वळचणीपर्यंतचे थर मोजावे. दहा थर ८० सेंटिमीटर भरले आणि एकूण थर ४५ असले, तर उंची ३६० सेंटिमीटर. फळीवर ती सुमारें ४१ मिलिमीटर होईल. भिंत दगडी किंवा गिलाव्याची असेल तर भिंतीला लागून एक मीटरची काठी उभी करावी, ठीक समोरून छायाचित्र घ्यावें, आणि काठीच्या मापानें बाकीची मापें काढावीं. शाळेंत शिकलेलें त्रैराशिक येथें उपयोगी पडतें, आणि ज्या मुलाला तें पुस्तकांत रुक्ष वाटलें, तोच मुलगा येथें तें आपण होऊन मागतो.

छायाचित्रांत जें उरलें नाहीं तें माणसांच्या आठवणींत असतें. निवृत्त गार्ड, सांधेवाले, मार्गावर काम करणारे गँगमन, स्टेशनाबाहेर चहा विकणारे, रोज शाळेला जाणारे विद्यार्थी यांच्याकडून पुष्कळ कळूं शकतें. इंजिनाला पाणी कोठें भरीत, माल कोणत्या बाजूला उतरवीत, फलाटावर झाड कोणतें होतें, दारांचा रंग कसा होता, असे नेमके प्रश्न विचारावे. ‘जुन्या गाडीविषयीं कांहीं सांगा’ असें विचारल्यास प्रेमळ उत्तर मिळतें, पण माप मिळत नाहीं. उत्तराखालीं सांगणाऱ्याचें नांव व तारीख लिहावी. दोघांच्या सांगण्यांत अंतर पडलें तर दोन्हीही लिहून ठेवावीं. आपल्या मर्जीनें एक खोडूं नये.

आतां फळी. चांगल्या वाळलेल्या लांकडाची चौकट करून तीवर प्लायवुडाची फळी ठोकावी, आणि ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडी खालीं येईल इतक्या उंचीवर ठेवावी. वरून पाहिलें कीं गाडी खेळण्यासारखी दिसते. बाजूनें पाहिलें कीं ती गाडीसारखी दिसते. रुळांचें वळण शक्य तितकें मोठें असावें. खानदेशांत दोन शत्रूंकडे विशेष लक्ष द्यावें लागतें. पहिला शत्रु उन्हाळा. जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. रुळांचा धातु तापला कीं वाढतो. तीन मीटर लांबीचा रूळ तीस अंशांच्या फरकानें दीड मिलिमीटर लांबतो. पौषांत रूळ टोंकाला टोंक भिडवून घट्ट बसविले, तर वैशाखांत ते मध्येंच फुगून वांकतात. म्हणून थंडींत रूळ टाकतांना सांध्यांत जाड कागदाएवढी फट ठेवावी. खऱ्या मार्गावरही रुळांच्या जोडांत फट ठेवीत ती ह्याचसाठीं. दुसरा शत्रु धूळ. रुळांवर धूळ बसली कीं चाकाला वीज मिळत नाहीं आणि गाडी अडखळते. रोज वापरापूर्वीं स्वच्छ फडक्याला थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसावे, आणि काम संपल्यावर सबंध फळीवर चादर टाकावी. हें अल्कोहोल पेट घेणारें असल्यानें त्या वेळीं खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि जवळ दिवा किंवा विडी असूं नये.

गाडीला लागणारी वीज बेताची असते. साध्या पद्धतींत ती बारा व्होल्टांपर्यंतची एकदिश वीज होय. एक रूळ धन आणि दुसरा ऋण. विजेचा दाब वाढविला कीं गति वाढते, आणि रुळांची अदलाबदल केली कीं इंजिन उलट जातें. ह्या पद्धतींत एका वेळीं एका तुकड्यावर एकच इंजिन चालवितां येतें. नवीन पद्धतींत प्रत्येक इंजिनाच्या पोटांत एक सूक्ष्म यंत्र असून त्याला स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. रुळांतून वीज व हुकूम दोन्ही जातात, आणि ज्याच्या क्रमांकाचा हुकूम असेल तेंच इंजिन तो पाळतें. लहान मांडणीला मात्र साधी पद्धति पुरेशी आहे. एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. मार्ग वळवून तो त्याच मार्गाला परत जोडला, तर डावा रूळ उजव्याला भेटतो, धन व ऋण एक होतात आणि वीज तुटते. त्यासाठीं तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनीं तोडून निराळा ठेवावा लागतो. घरांतील मुख्य विजेचा यंत्राला जोड मात्र जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावा.

गतीविषयींही एक शब्द. ताशीं तीस किलोमीटरांनीं चाललेली खरी गाडी सेकंदाला सुमारें सव्वाआठ मीटर जाते. १ : ८७ मध्यें हें अंतर दहा सेंटिमीटरांहूनही कमी होतें. म्हणजे सहा फुटांच्या फळीच्या ह्या टोंकापासून त्या टोंकाला जावयास गाडीला जवळजवळ वीस सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक घरांतून ती तीन सेकंदांत जाते, आणि केलेला सर्व देखावा त्यामुळें खोटा ठरतो.

पी. जे. गाडीचें इंजिन किंवा डबे तयार विकत मिळतील अशी अपेक्षा करूं नये. नऊ मिलिमीटरांच्या रुळांवर चालणाऱ्या परदेशी इंजिनाचा चालता सांगाडा घ्यावा, आणि त्यावर पुठ्ठ्याचें किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचें शरीर आपल्या हातानें चढवावें. खरी इंजिनें व डबे जेथें पाहावयास मिळतील तेथें जाऊन मापें घ्यावीं. दिल्लीचें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून लोकांसाठीं खुलें आहे, आणि अरुंद मार्गाचीं वाहनें तेथेंही पाहतां येतात.

देखाव्याचें काम शेवटीं येतें, आणि पुष्कळांच्या मतें तेंच अधिक रंजक असतें. थर्मोकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून चढउतार करावा, त्यावर खळींत भिजविलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या दोन-तीन थर लावाव्या, आणि वरून प्लास्टरचा पातळ हात द्यावा. खानदेशाचा मुलूख मोठ्या डोंगरांचा नाहीं. सपाट काळी जमीन, मध्येंच ओढ्याची घळ, आणि दूर क्षितिजावर एक निळसर डोंगराची रेघ. ती रेघ फळीवर करूं नये. मागच्या पडद्यावर रंगवावी. माती मात्र खऱ्या शेतांतलीच आणावी. ती कडक उन्हांत वाळवावी, वस्त्रगाळ करावी, आणि तींतून एक लोहचुंबक पुन्हां पुन्हां फिरवावा. काळ्या मातींत लोखंडाचे बारीक कण असतात. ते राहिले तर इंजिनाच्या चुंबकाला चिकटून यंत्र बिघडवितात. फळीवर डिंक लावून माती चाळणीनें पेरावी, आणि पाणी घातलेल्या फेविकॉलांत साबणाचा एक थेंब टाकून तें वरून थेंबाथेंबानें सोडावें. साबणामुळें पाणी मातीवर गोळा न होतां आंत मुरतें.

रुळांखालची खडीही मापांत पाहिजे. खरी खडी मोठ्यांत मोठी सहा-साडेसहा सेंटिमीटरांची असते. ८७ नीं भागल्यावर ती पाऊण मिलिमीटरची होते. खडी फोडण्याच्या यंत्राखालची काळ्या दगडाची कच चहाच्या गाळण्यानें गाळून घेतली तर नेमका हा आकार मिळतो. बाभळीसाठीं सुकलेल्या काटक्यांवर काथ्याचे तंतू पसरून हिरवा भुसा शिंपडावा. वाळल्या गवतासाठीं सुतळी उसवून तिचे तुकडे उभे रोवावे. रावेर-सावद्याकडील देखावा करावयाचा असेल तर केळीची बाग हवीच. खरी केळ अडीच मीटरांची धरली तर फळीवरची २९ मिलिमीटरांची होते. बारीक तारेभोंवतीं कागद गुंडाळून खोड करावें, आणि हिरव्या कागदाचीं पानें मधली शीर दाबून चिकटवावीं. अशा शंभर केळी कराव्या लागतात, आणि हें काम सबंध कुटुंबानें रात्रीं जेवणानंतर गप्पा मारीत करण्यासारखें आहे.

महिना एकच ठरवावा. कपाशीचीं बोंडें फुटून शेत पांढरें झालेलें दाखवावयाचें आणि शेजारीं पळस फुललेला दाखवावयाचा, हें चालत नाहीं. एक दिवाळीच्या आसपासचें चित्र आहे, दुसरें होळीचें. नदीचेंही तसेंच. खरें पाणी फळीवर घालूं नये, कारण पाण्याचा थेंब आणि पाण्याची लाट प्रमाणांत लहान होत नाहींत. पारदर्शक वार्निशाचे पातळ थर एकावर एक देऊन पाणी दाखवितात. पण खानदेशांतील ओढे वर्षांतील बराच काळ कोरडेच असतात. वाळू, दगड आणि मध्यें एखादें डबकें एवढ्यानें काम भागतें, आणि तें अधिक खरेंही असतें. रंग नेहमीं थोडे फिके करून लावावे. एका मीटरावरून पाहिलेली फळी ही ८७ मीटरांवरून पाहिलेली जमीन आहे, आणि दुरून पाहिलेल्या वस्तूंचा रंग हवेमुळें उतरलेला असतो.

टेबलावर मुलूख उभा करण्याची ही विद्या खानदेशाला अगदीं परकी नाहीं. चाळीसगांवला स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यांत आयुष्याचीं बहुतेक वर्षें घालविणारे कलावंत केकी मूस (१९१२-१९८९) हे टेबलावरच्या छायाचित्रणासाठीं प्रसिद्ध होते. साध्या वस्तु टेबलावर मांडून आणि त्यांवर प्रकाश योजून ते असें दृश्य उभें करीत कीं, पाहणाऱ्याला तो खराच निसर्ग वाटावा. प्रतिकृती करणाऱ्यानें त्यांच्यापासून प्रकाशाचा धडा घ्यावा. फळीवर चारी बाजूंनीं दिवे लावले तर सावल्या एकमेकींना खोडतात व सर्व देखावा पुठ्ठ्याचा दिसूं लागतो. सूर्य एकच आहे. दिवाही मुख्य असा एकच, एका बाजूनें असावा.

मांडणी पुरी झाली म्हणजे गाडी नुसती फिरवूं नये, चालवावी. शेवटच्या स्टेशनांत गाडी आली कीं इंजिन फलाटाच्या टोंकाला अडकतें. तें सोडावयाचें, सांधा बदलून बाजूच्या मार्गानें डब्यांच्या दुसऱ्या टोंकाला न्यावयाचें, पुन्हां सांधा बदलून जोडावयाचें, आणि मग परतीची वेळ होईपर्यंत थांबावयाचें. मालाचा एखादा डबा असला तर तो आधीं धक्क्याला लावावयाचा. ह्यांत एक चूक झाली तर सर्व उलटें करावें लागतें. एकानें स्टेशनमास्तर व्हावें, एकानें ड्रायव्हर, आणि भिंतीवर वेळापत्रक लावावें. बुद्धिबळाइतका विचार आणि पत्त्यांइतकी मौज त्यांत आहे. शिवाय जिंकणें-हरणें नसल्यामुळें घरांत भांडण होत नाहीं.

शेवटीं एक नियम सांगावयाचा राहिला. ह्या छंदाला दप्तराची योग्यता यावी अशी इच्छा असेल तर तो मोडूं नये. फळीचा नकाशा काढावा व तो तीन शाईंनीं लिहावा. जें स्वतः मोजलें तें काळ्या शाईनें, जें कोणी सांगितलें तें निळ्या शाईनें, आणि जें केवळ अंदाजानें केलें तें तांबड्या शाईनें. तांबड्या शाईची लाज वाटण्याचें कारण नाहीं. ती लपविली तर मात्र काळ्या शाईवरचाही विश्वास उडतो. असा नकाशा फळीच्या मागें चिकटवून ठेवला, तर पन्नास वर्षांनीं ती फळी ज्याच्या हातीं पडेल त्याला कळेल कीं, जामनेरच्या स्टेशनाची ही खिडकी खरी आहे, हें झाड कोणा वृद्ध गार्डानें सांगितलें आहे, आणि ती गाय कोणा नातवाच्या हट्टासाठीं उभी केलेली आहे. पी. जे. गाडीचा जुना मार्ग मोजण्यासारखा जोंवर थोडाबहुत शिल्लक आहे, आणि त्याची हकीकत सांगणारीं माणसें जोंवर आहेत, तोंवर फीत आणि वही घेऊन निघणें हेंच ह्या छंदांतील पहिलें काम आहे. फळी त्यानंतर केव्हांही ठोकतां येईल.